तुझ्या सहा नाईट

नसीम, परवा तुझी शोकसभा झाली आणि तुझ्याबद्दलचं पहिलंच वाक्य धादांत खोटं बोललं गेलं.

देवरे सर उठले, चष्मा पुसला, घसा साफ केला आणि म्हणाले, "नसीम मॅडमनी आयुष्यात कधी ड्युटीला नाही म्हटलं नाही." सगळ्यांच्या माना डोलल्या. मागच्या रांगेतल्या रेसिडेंट पोरींनी डोळे टिपले. मी पहिल्याच रांगेत, तुझ्या फोटोसमोर होते. फोटो तरी कुठला शोधून काढला होता त्यांनी, आयकार्डावरचा! त्यात तू आत्ता कुणाला तरी झापणार अशी दिसतेस. मला वाटलं, उठावं आणि माइक हिसकावून घ्यावा. अगं, नाही म्हणणं हेच तर तुझं काम होतं. आपल्या अख्ख्या मेडिसिन विभागात नाही म्हणणारी तू एकटी होतीस, आणि हो म्हणणारी मी. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं, मान्य. पण निदान त्याच माणसाबद्दल तरी बोलावं.

मी उठले नाही. मी उठत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

बाहेर चहाच्या वेळी दुसरा प्रकार. "बिचारी जागरणांनी गेली." हे मात्र मी तिथल्या तिथे थांबवलं. म्हटलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर रोस्टर बघून येत नाही, आणि ती बिचारीही नव्हती. तुला हुतात्मा करून टाकायला निघालेत सगळे. हुतात्म्याच्या फोटोला हार घालता येतो, त्याच्याशी भांडता येत नाही. आणि आपलं भांडण अजून बाकी आहे.

पुन्हा तेच का, असं म्हणशील. हो, पुन्हा तेच. सोळा वर्षं तेच चाललंय, आता मध्येच कसं सोडू?

महाजन आठवतो ना? आपल्या बॅचचा. आठ जण होतो आपण, पहिल्या वर्षाचे. दिवाळी झाली आणि एका सकाळी महाजनने बॅग भरली, मेसमध्ये शांतपणे दोन प्लेट पोहे खाल्ले आणि सीट सोडून घरी निघून गेला. पुढच्या वर्षी त्याने त्वचारोग हा विषय घेतला. सुखात आहे. पण आपल्या रोस्टरवरून तो गेला नाही. रोस्टर तेव्हा देवरे सर बनवायचे, तिसऱ्या वर्षाचे सीनियर म्हणून. लागोपाठ दोन रात्री कुणाला द्यायच्या नाहीत असा नियम होता, आणि सात जणांत महिना बसत नव्हता. मग महाजन राहिला. कागदावर सगळ्यांना झोप मिळत होती. प्रत्यक्षात कॅज्युअल्टीत जो असेल त्यानेच वॉर्डही बघायचा, नाहीतर आदल्या रात्रीच्याने तसंच पुढे ओढायचं, आणि सकाळी राउंडला फाइल घेऊन उभं राहायचं. "आज कुणाची नाईट?" "महाजनची." एवढं ऐकलं की समजायचं, आज कुणीच नाही. त्या वर्षी विभागात सगळ्यात जास्त नाईट महाजनने केल्या, आणि एकदाही कुरकुर केली नाही.

मला ते गैर वाटत नव्हतं. खरं सांगते, मला तो विनोद वाटायचा.

मग नामपूरचे ते बाबा आले. त्यांची बायको बायकांच्या वॉर्डात होती, हृदय थकलेलं, पायांना सूज. दुपारी चारच्या सुमारास बाबा वॉर्डाच्या दाराशी फळ्यासमोर उभे होते, टोपी हातात घेऊन. फळ्यावर खडूने लिहिलेलं, आज रात्रीचे डॉक्टर : डॉ. महाजन. आदल्या रात्रीही तेच नाव होतं, लागोपाठ दोन रात्रींचा नियम महाजनला लागू नव्हता. आपण दोघी तिथून जाताना त्यांनी मला अडवलं.

"बाई, आठे महाजन डॉक्टरनं नाव शे. काल रातभर त्याले धुंडं मी. तो कोठे शे?"

मी सवयीने म्हटलं, "येतील बाबा, येतील." आणि पुढे निघाले. तू थांबलीस. तू मालेगावची. घरात उर्दू बोलायचीस, माझ्याशी मराठी, पण बागलाणातलं कुणी भेटलं की तुझी जीभ आपोआप अहिराणी व्हायची.

"बाबा, तो नही शे," तू म्हणालीस. "नाव खोटं शे."

आणि ॲप्रनच्या बाहीने महाजनला पुसून टाकलंस. फळ्यावर नुसता पांढरट फरांटा उरला.

"मंग आज रातले कोन शे?"

"कोनीच नही, बाबा."

मला वाटलं, म्हातारा आता आरडाओरडा करणार. त्यांनी फळ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं व्हयनं सांगं ते." मग मुलाला हाक मारली, आज घरी जायचं नाही, आईपाशी बसायचं, म्हणून बजावलं. त्यांचा प्रश्न सुटला नाही, पण काय करायचं ते त्यांना समजलं. तू नंतर हजार वेळा मला हे ऐकवलंस. खरं कळलं तर माणूस काहीतरी करतो, मेधा. खोटं नाव असलं की नुसता शोधत बसतो.

पाच मिनिटांत देवरे सर आले. "फळा रिकामा ठेवायचा नसतो, नसीम."

"सर, माणूस नाहीये."

"नाव लिही कुणाचं तरी."

"कुणाचं?"

सरांनी माझ्याकडे बघितलं, नुसतं बघितलं. आणि मी खडू उचलून त्या जागी माझं नाव लिहिलं. आदली रात्र कॅज्युअल्टीत माझीच झाली होती. तू माझ्याकडे अशी बघत राहिलीस, जणू मी तुझी चुगली केली होती.

त्या रात्री दोन गोष्टी घडल्या, आणि आपण दोघींनी त्या आयुष्यभरासाठी वाटून घेतल्या. नामपूरच्या त्या बाईंना रात्री दम लागला, ओठ निळे पडले. मुलाने धावत येऊन मला उठवलं, मी ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली, आणि सकाळी त्या पलंगावर बसून चहात बिस्किट बुडवत होत्या. ही माझी गोष्ट. आणि त्याआधी तासभर, मी सात नंबरच्या बाईंचं इन्शुलिन आठ नंबरच्या कागदावर लिहून मोकळी झाले होते. नाईटच्या सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, आठ नंबरला शुगर नाहीये." त्यांनी ते माझ्याकडून खोडून घेतलं आणि कुठे बोलल्या नाहीत. मी फक्त तुला सांगितलं. ती तुझी गोष्ट झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या स्कूटरवर मागे बसून मी खोलीवर निघाले होते आणि आपण इंदिरानगरच्या बोगद्यात अडकलो. पुढे रिक्षा, मागे टेम्पो, सगळे हॉर्न वाजवतायत. तू मान वळवून विचारलंस, "तू फळ्यावरची ती जागा का भरलीस?"

"मग काय करायचं होतं? बाई मेल्या असत्या."

"मग कुणाला तरी विचारावं लागलं असतं ना, इथे डॉक्टर का नव्हता म्हणून! तू विचारायला जागाच ठेवली नाहीस."

"म्हणजे बाई मेल्या तरी चाललं असतं तुला?"

"आणि आठ नंबरची? ती मेली असती तर तुला चाललं असतं?"

मागचा टेम्पोवाला ओरडला, "ओ ताई, घरी जाऊन भांडा की!" बोगदा मोकळा झाला होता आणि आपल्याला पत्ताच नव्हता. तू स्कूटर काढलीस ती इतक्या जोरात, की मी पडता पडता वाचले. खोलीवर गेल्यावर तू माझ्या आधी झोपलीस आणि घोरलीस. एवढं भांडून कुणी घोरतं का?

त्यानंतर रोस्टर तू मागून घेतलंस. कुणालाच ते काम नको असायचं, त्यामुळे मिळालंही. ईसीजीच्या कोऱ्या कागदाची पट्टी घ्यायचीस, त्यावर चौकोन आयतेच आखलेले, आणि पेन्सिलीने प्रत्येकाचं पहिलं अक्षर भरत जायचीस. माणसं संपली की थांबायचीस. उरलेले चौकोन तसेच. मी विचारलं होतं, हे तुला सुचलं कुठून? तेव्हा तू तुझ्या अब्बांबद्दल पहिल्यांदा बोललीस. ते लूमवर, यंत्रमागावर काम करायचे. "कारागीर आला नाही तर लूम बंद राहते. बंद दिसते, सगळ्यांना दिसते. मालक स्वतः माणूस शोधायला निघतो. बंद लूमवर कुणाचं नाव लिहून ती चालत नाही ना, पागल."

आपलं दोघींचं शिकून झालं, आपण तिथेच शिकवायला लागलो, देवरे सर विभागप्रमुख झाले, आणि रोस्टर तुझ्याकडेच राहिलं. आता त्यात रात्री हॉस्पिटलमध्ये हजर राहणाऱ्या सीनियर डॉक्टरांचाही रकाना आला होता. तो भरला नाही तर पहिल्या वर्षाची पोरं रात्रभर एकटी. तू दर महिन्याला एक-दोन चौकोन रिकामे सोडायचीस, खाली लिहायचीस "डॉक्टर नाही", आणि सही करायचीस. सर तो कागद घेऊन तुझ्याशी वाद घालत बसायचे नाहीत. सरळ माझ्या केबिनमध्ये यायचे. "मेधा, जरा बघशील?" आणि मी बघायचे.

आता कबूल करते. मी पोरांच्या काळजीने ते चौकोन भरायचे हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं हे, की हो म्हणणाऱ्या बाईचं कौतुक होतं. "मेधा मॅडम आहेत म्हणून विभाग चाललाय" हे ऐकायला मला आवडायचं. तुझ्याबद्दल "जरा अवघड बाई आहेत" म्हणायचे, तेही मी ऐकून घ्यायचे, गप्प बसून. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला कळलं असणारच. तरीही दर ईदला डबा घेऊन पहिली माझ्याकडेच यायचीस.

नसीम, एवढ्या वर्षांत तुझा एकही रिकामा चौकोन रिकामा राहिला नाही. मी राहू दिला नाही.

तुझं दुखणं निघालं ते मार्चमध्ये, आणि चार महिन्यांत सगळं आटोपलं. तू आपल्याच हॉस्पिटलमध्ये राहायचं ठरवलंस. मी रोज संध्याकाळी यायचे आणि तू रेसिडेंट पोरांच्या झोपेची चौकशी करायचीस. नाडी बघायला आलेल्या पोराची तूच नाडी बघायचीस. "कधीपासून उभा आहेस रे?" असं विचारलं की तो खोटं बोलायचा आणि तू त्याला खुर्चीत बसवायचीस.

आणि मग त्या संध्याकाळी तू माझा हात धरून म्हणालीस, "काल रात्री खूप दुखलं. तेव्हा वाटलं, कुणीही येऊ दे. तीन दिवस न झोपलेला का असेना, पण येऊ दे."

सोळा वर्षांत तू माझ्या बाजूने बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. मग तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "हे तुझ्या बाजूने धरू नकोस हं. दुखणारं माणूस काहीही म्हणतं. दुखणाऱ्याला विचारून रोस्टर बनवायचं नसतं." मला हसू आलं आणि रडूही. अगं, मरतानासुद्धा एक गुण द्यायला तयार नव्हतीस मला.

मालेगावला तुझ्या घरी मी बायकांमध्ये बसले होते. पुरुष तुला घेऊन गेले आणि घर एकदम शांत झालं. अम्मींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. रबर लावलेली एक जाड गुंडाळी माझ्या हातात दिली. "बेटी, ये उसके काम के कागज हैं क्या? मुझे तो सब लकीरें ही दिखती हैं." तुझ्या ईसीजीच्या पट्ट्या होत्या. पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या. मी तिथेच जमिनीवर बसून उलगडत गेले. सगळ्यात जुनी पट्टी तू नंतर आठवून काढली असावीस, कारण तेव्हा रोस्टर तुझ्याकडे नव्हतं. तो महिना, नामपूरच्या बाईंच्या त्या रात्रीची तारीख, आणि त्या चौकोनात माझं अक्षर, "मे". त्याभोवती पेन्सिलीने गोल केलेला. पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. रागाने केलास तो गोल, की कौतुकाने, की नुसती आठवण म्हणून? आता कुणाला विचारू? अम्मींनी माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा मला कळलं, की मी मोठ्याने रडते आहे.

हे सगळं मागचं. आता आज सकाळचं ऐक.

दुसऱ्या वर्षाची तेजस्विनी पुढच्या महिन्याचं रोस्टर घेऊन सहीला आली. तू आजारी पडल्यापासून सही माझी असते. कागद ठेवून ती दाराकडे न जाता तिथेच उभी राहिली. मी वाचायला लागले. सीनियर डॉक्टरांच्या रकान्यात सहा रात्री तुझं नाव होतं. डॉ. नसीम. डॉ. नसीम. डॉ. नसीम.

"हे काय आहे?"

"ऑफिसने फेब्रुवारीचं जुनं रोस्टर कॉपी केलंय, मॅडम," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मी सरांना विचारलं. सर म्हणाले, तपासणीला माणसं येणार आहेत, डॉक्टर कमी दिसायला नकोत, तोपर्यंत नाव राहू दे. आणि म्हणाले, त्या रात्री मेधा मॅडम बघून घेतीलच."

घेतीलच. बघ, मला विचारायचीही गरज नव्हती कुणाला.

महाजन निदान जिवंत तरी होता, नसीम. तुला पुरून पंधरा दिवस झाले नाहीत आणि तुला सहा नाईट लावल्या. शोकसभेत तुझ्यासाठी डोळे पुसणाऱ्यांनी लावल्या. आणि त्या सहा रात्री तेजस्विनीसारख्या पोरी वॉर्डात एकट्या उभ्या राहणार, नामपूरसारख्या गावाहून आलेला कुणीतरी फळ्यावरचं नाव वाचून तुला शोधत फिरणार. मला भयंकर संताप आला.

माझा हात पेनाकडे गेला, सवयीने. तुझं नाव खोडायचं आणि माझं लिहायचं, सहा वेळा, दोन मिनिटांचं काम. पहिल्यांदा खोडलं. तिथे "मे" लिहायला लागले आणि थांबले.

मी सहाही नावं खोडली. चौकोन रिकामे ठेवले. खाली लिहिलं, "डॉक्टर नाही." सही केली, आणि तेजस्विनीला म्हटलं, "जा, विभागाच्या फळ्यावर लाव. वॉर्डाच्या दाराशीही लाव, सगळ्यांना दिसेल असं." ती माझ्याकडे बघत राहिली. मग जवळजवळ पळतच गेली.

मी हरले असं मात्र समजू नकोस. नामपूरच्या बाई जगल्या होत्या, तो मुद्दा अजूनही माझाच आहे आणि मी तो सोडणार नाही. तुझं सगळं बरोबर होतं म्हणून मी हे केलेलं नाही. तुझ्या नावाने कुणी खोटं बोललेलं मला चालणार नाही, म्हणून केलंय.

दुसरी प्रत घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सर डबा उघडून बसले होते, मला बघून त्यांनी झाकण लावलं. वाईट माणूस नाही ग तो. त्यानेही उभं आयुष्य उभ्यानेच काढलंय, आणि सगळ्यांनी तसंच काढायचं असतं असं त्याला खरंच वाटतं.

"सर, यात सहा नाईटला माणूस नाहीये."

"अगं, ते तपासणीपुरतं," सर म्हणाले. "तू बघशील ना?"

"नाही."

सोळा वर्षांत मी हा शब्द त्या माणसासमोर पहिल्यांदा उच्चारला. केवढासा शब्द आहे! तू तो दर महिन्याला म्हणायचीस, आणि वर चहाही मागायचीस.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही, सर. नसीम गेली. तिचं नाव राहणार नाही आणि त्या जागी माझं येणार नाही. रोस्टर फळ्यावर लागलंय."

सरांनी चष्मा काढला. कागद जवळ ओढला. पहिल्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. मग त्यांनी मान वर केली.

"मग त्या रात्री कोण असणार, मेधा?"

विचारलं ग त्यांनी. तू सोळा वर्षं ज्या प्रश्नाला जागा ठेवत आलीस, तो शेवटी त्यांच्या तोंडून बाहेर पडला. माझ्या जिभेवर "मी" आलं होतं, अगदी टोकावर. मी ते गिळलं. समोरची खुर्ची ओढून बसले.

"सांगा, सर," मी म्हटलं.